भुताच्या राजाचं तिसरं वरदान : गुपी-बाघाला गाणं फुकटात मिळालं का?

पहाटेचा षड्ज

शनिवारी रामदासपेठेत मित्राच्या गच्चीवर 'गुपी गाइन बाघा बाइन' पाहिला. सत्यजित राय यांचा १९६९ चा सिनेमा. बाकीचे हरखून गेले होते, मी मात्र चिडचिड करत घरी आलो. भांडायला कोणी तयार असेल तर या.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कथा. गुपीला गाण्याचं वेड, पण आवाज भसाडा. गावातली रिकामटेकडी वडीलधारी मंडळी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवतात आणि राजाच्या वाड्याखाली गायला पाठवतात. भल्या पहाटे झोपमोड झालेला राजा त्याचा तंबोरा फोडतो आणि त्याला गाढवावर बसवून गावाबाहेर काढतो. जंगलात बाघा भेटतो. तो ढोल वाजवतो आणि त्यालाही गावानं हाकललेलं. रात्री भुतं येऊन नाचतात, भुतांचा राजा प्रसन्न होतो आणि तीन वर देतो : हवं ते खायला-ल्यायला मिळेल, जादूचे जोडे घालून हवं तिथे जाता येईल आणि गाण्या-वाजवण्यानं लोकांना खूश करता येईल.

पहिल्या दोन वरांबद्दल तक्रार नाही. उपाशी माणसानं जेवण मागितलं, ठीकच. माझं भांडण तिसऱ्या वराशी आहे. काल बेसूर असलेला माणूस आज सुरेल होतो, मधल्या मध्ये रियाज गायब. त्यावर कडी म्हणजे शुंडी नावाच्या राज्याच्या दरबारातली गाण्याची स्पर्धा. एकामागून एक कसलेले गवई गाऊन जातात, राजा कंटाळलेला, आणि गुपी दोन कडवी म्हणून बाजी मारतो. ज्यांनी वर्षानुवर्षं पलटे (सुरांचे सराव) घोटले त्यांची थट्टा, आणि ज्याला भूत भेटलं तो राजगायक!

दुसरं, त्याचं गाणं सुरू झालं की ऐकणारे जागच्या जागी थिजतात. त्यांना हलताच येत नाही. याला दाद म्हणायचं? उठून जाता येतं तरी माणूस बसून राहतो, ती दाद.

वसंतराव देशपांडे आपल्या नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले. पुढे कित्येक वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी करत गात राहिले. 'कट्यार काळजात घुसली' या संगीत नाटकातले खाँसाहेब म्हणून ते १९६७ साली उभे राहिले तेव्हा चाळिशी कधीच उलटली होती. त्यांना कुठलं भूत भेटलं होतं?

तर्रीवाला

अबे भाऊ, लहान पोट्ट्यांचा पिच्चर हाय तो. भुतं रांगेनं नाचून राहिले ते तुले पटलं, जोड्यात पाय घालून माणूस उडून राहिला ते बी पटलं, अन् गळा सुधारला तेवढं पटून नाही राहिलं?

डग्गा

षड्जसाहेब, तुम्ही गाणारे आहात हे पहिल्या ओळीतच कळलं. अख्ख्या पोस्टमध्ये बाघा एका ओळीपुरता आला! मी तबला वाजवतो, त्यामुळे मला हा सिनेमा वेगळाच दिसतो.

एक गोष्ट तुम्ही सोडलीत. वर एकट्याला चालत नाही. जेवण हवं असो की प्रवास, गुपीनं एकट्यानं टाळी वाजवून काही होत नाही. त्याचा हात बाघाच्या हातावर पडावा लागतो. म्हणजे संगतकार नसेल तर गवई उपाशी. या एका अटीसाठी मी सगळ्या सिनेमाला माफ करायला तयार आहे. आपल्याकडे कार्यक्रम संपला की गायकाचं पाकीट जाड असतं, आणि तबलजीला आयोजक म्हणतो, "पुढच्या वेळी बघू." (कोण, कुठला, ते विचारू नका. याच शहरात राहायचं आहे.)

रियाज दिसला नाही म्हणता, मग भुतांच्या नाचात काय वाजतंय ते पुन्हा ऐका. सहा मिनिटांहून जास्त वेळ नुसता ताल, सूर नाही की शब्द नाही. भुतांच्या चार जाती आणि प्रत्येकीला कर्नाटकी तालवाद्यांतलं एकेक वाद्य दिलेलं. राजेरजवाड्यांच्या भुतांना मृदंगम, शेतकरी-कष्टकऱ्यांना खंजिरी, गोऱ्या साहेबांना घटम (मातीचं मडकं) आणि ढेरपोट्या भुतांना मोरसिंग (तोंडात धरून वाजवायचं छोटं लोखंडी वाद्य). साहेबाची भुतं कडक पावलं टाकतात आणि घटमचा कोरडा ठणका त्यांना बरोबर बसतो. मोरसिंगचा तो बोंग-बोंग आवाज आणि हलणारी ढेरी बघा, हसू येतंच. आधी सगळे ऐटीत नाचतात, मग लय चढते आणि प्रत्येक जात आपापसातच मारामारी करून पडते. हे ज्यांनी वाजवलं त्यांच्या बोटांनी किती वर्षं घासलं असेल? गुपीला गळा फुकट मिळाला असेल, पण तो मिळण्याआधी प्रेक्षकाला अस्सल तालवाद्य कचेरी (नुसत्या तालवाद्यांची मैफल) ऐकावी लागते.

धंतोली_गल्ली

आम्ही इथले जुने बंगाली. आजोबा बंगाल-नागपूर रेल्वेत होते. घरात हा सिनेमा इतक्या वेळा लागतो की आमच्या मुलांना संवाद पाठ आहेत, म्हणून थोडं बोलते.

मूळ गोष्ट राय यांच्या आजोबांची, उपेंद्रकिशोर राय चौधरी यांची. 'संदेश' या मुलांच्या मासिकात १९१५ साली आली होती. राय यांच्या मुलाला त्यांचे मोठ्यांसाठीचे सिनेमे रुक्ष वाटायचे, म्हणून मुलांसाठी हा केला. निर्माता मिळवताना दमछाक झाली. सिनेमा रंगीत करायचा होता, ते परवडलं नाही. म्हणून शेवट तेवढा रंगीत आहे. भुताच्या राजाची गरज खरं तर त्यांनाच होती! राजाचा तो चमत्कारिक आवाजही राय यांचाच, यंत्रानं बदललेला.

आता मुद्दा. पहाटेचा षड्ज, थिजणं म्हणजे दाद असं सिनेमा म्हणतच नाही. ते दोघं अडचणीत सापडतात तेव्हा गातात, पहारेकरी थिजतात आणि हे निसटतात. ती पळून जायची युक्ती आहे. दरबारात गुपी काय गातो? आम्ही बंगालहून आलेली साधी माणसं, आम्हाला बांगलाशिवाय दुसरी भाषा येत नाही. हे तो सांगतो कुठे, तर ज्या राज्याची प्रजा मुकी झाली आहे तिथे. त्या गवयांपैकी कोणालाच हे सांगावंसं वाटलं नव्हतं.

पहाटेचा षड्ज

@धंतोली_गल्ली, साधेपणा मान्य. पण साधं गायलाही गळा लागतोच आणि तो भुतानं दिला. पडद्यामागे अनुप घोषाल गातात. ते रीतसर शिकलेले गायक. म्हणजे वरदानाचं गाणं दाखवायलासुद्धा रायना रियाज केलेला माणूसच लागला! माझं म्हणणं त्यांनीच सिद्ध केलं.

@डग्गा, टाळीची अट झकास आहे, पण तिसऱ्या वराबद्दल तुम्ही सोयीस्कर गप्प आहात.

डग्गा

गप्प कशाला? रियाज करूनही बेसूर राहिलेले पाच जण मी आत्ता सांगतो. नावं नाही सांगत, त्यातल्या दोघांबरोबर पुढच्या महिन्यात वाजवायचं आहे.

वडसा_पॅसेंजर

मी झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातल्या नाटकांत, नऊ सिझन काम केलं, आता नागपुरात नोकरी करतो. तुम्ही सगळे तिसऱ्या वरावर भांडून राहिले. पहिला वर कोणता मागितला ते पाहा.

धान घरात आलं की आमचे नाटकं सुरू होतात. गावात शंकरपट (बैलांची शर्यत) असला की रात्री नाटक ठरलेलं. वडशाहून गाडी निघते, रात्री दहा-अकराला पडदा उघडतो, उजाडेस्तोवर चालते. नट, ऑर्गनवाला, तबलजी, सगळे रात्रीच्या हिशेबानं. होळी झाली की हळूहळू सारं बंद. मग कोणी रोवणी करते, कोणी बिल्डिंगवर जाते. भुताचा राजा आमच्यापुढे उभा झाला असता तर आम्हीही पहिले जेवणच मागितलं असतं. गळा मागून मागितला असता.

भरपेट जेवून स्टेजवर जाणाऱ्याचा आवाज आणि उपाशी जाणाऱ्याचा आवाज, दोन्ही मी विंगेतून ऐकले आहेत. गुपीचा गळा तिसऱ्या वरानं सुधारला असं तुम्हाला वाटते. मला वाटते पहिल्या वरानं.

तर्रीवाला

एक नंबर बोलला राजा!

पहाटेचा षड्ज

@वडसा_पॅसेंजर, बोललात ते काळजाला लागलं, पण सिनेमात तसं नाही. पोट भरलं म्हणून आवाज सुधारला असं राय दाखवत नाहीत. तो जादूनं सुधारतो आणि माझी तक्रार जादूवरच आहे. शिवाय शेवट आठवा. हल्ला नावाच्या शेजारच्या राज्याचं सैन्य शुंडीवर चालून निघतं, सैनिक उपाशी. गुपी-बाघा गातात, लढून तुम्हाला मिळणार काय असं विचारतात, सैन्य थिजतं. इथवर गाण्याचा विजय. आणि लगेच आभाळातून मिठाईची मडकी उतरतात, सगळे हत्यारं टाकून मडक्यांवर तुटून पडतात. युद्ध मिठाईनं थांबलं. तिसऱ्या वरावर रायचाच पुरता भरवसा नव्हता, शेवटी पहिला वर वापरावा लागला.

वडसा_पॅसेंजर

मग मी काय वेगळं सांगून राहिलो भाऊ?

पहाटेचा षड्ज

तुम्ही सिनेमाची बाजू घेताय, मी त्याच्यावर टीका करतोय. फरक आहे.

डग्गा

मडकी उतरवायला टाळी दोघांनी मिळून दिली होती, एवढं लिहून ठेवा.