इंटर 1970-71: मोसमाच्या मध्यात प्रशिक्षक बदलला, तर विजेतेपद नेमकं कोणाचं?

काळा-निळा

परवा एका चर्चेत कुणीतरी लिहिलं की 1971 चं स्कुदेत्तो, म्हणजे इटालियन फुटबॉल लीगचं विजेतेपद, मिलान शहरातल्या इंटर क्लबच्या खेळाडूंनी जिंकलं, प्रशिक्षक इन्व्हेर्नित्झी नुसता बाकावर बसून होता. ते वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून हा धागा.

ज्यांना तो मोसम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 1968 मध्ये प्रशिक्षक एलेनियो एरेरा इंटर सोडून रोमाला गेला आणि मालक आन्जेलो मोरात्तींनी क्लब इव्हानोए फ्रायझोलींना विकला. पुढच्या वर्षी प्रशिक्षक म्हणून आला एरिबेर्तो एरेरा. आडनाव तेच, आद्याक्षरं तीच, नातं काही नाही. हा पराग्वेचा, कडक शिस्तीचा माणूस. युव्हेंटसचा प्रशिक्षक असताना 1967 च्या शेवटच्या दिवशी यानेच इंटरच्या तोंडचा घास काढला होता: इंटर मांतोव्हाकडे 0-1 हरली आणि युव्हेंटस विजेती झाली. इंटरच्या जुन्या चाहत्यांनी त्याला कधी आपलं मानलं नाही, यात नवल नाही.

8 नोव्हेंबर 1970 ला डर्बी, म्हणजे त्याच शहरातल्या मिलान क्लबविरुद्धचा सामना, इंटर 0-3 हरली. मोसमाच्या फक्त पाच फेऱ्या झाल्या होत्या. एरिबेर्तोची गच्छंती झाली आणि युवा संघ सांभाळणाऱ्या जोव्हान्नी इन्व्हेर्नित्झीला वर आणलं. हा पन्नाशीच्या दशकात इंटरकडूनच खेळलेला, मिलानजवळच्या आल्बाइराते गावचा. चीज बनवणाऱ्या प्रसिद्ध कंपनीचं आडनावही हेच, म्हणून लोक त्याला 'रोबिओलीना' (चीजचा एक प्रकार) म्हणायचे. सुरुवातीलाच नापोलीत 1-2 हरला. त्यानंतर विजेतेपद पक्कं होईपर्यंत इंटर एकदाही हरली नाही. 2 मे 1971 ला सान सिरोवर फोज्जाला 5-0 हरवलं आणि क्लबचं अकरावं स्कुदेत्तो घरी आलं. 30 सामन्यांत 46 गुण, मिलानचे 42, नापोलीचे 39. तेव्हा विजयाला दोनच गुण मिळायचे, हे धरून त्या अंतराकडे बघा.

माझं म्हणणं असं. इन्व्हेर्नित्झीने काही नवीन शोधून काढलं नाही, हे खरं. त्याने माणसं आपापल्या जागी परत बसवली. मारिओ कोर्सोचं आणि एरिबेर्तोचं पटत नव्हतं. कोर्सो मोजे घोट्यापर्यंत खाली सोडून खेळायचा, पळायचा कमी, आणि डाव्या पायाने फ्री किक अशी मारायचा की चेंडू भिंतीवरून जाऊन वाळक्या पानासारखा अचानक खाली पडायचा. एरिबेर्तोला सगळ्यांनी सारखं पळायला हवं होतं. इन्व्हेर्नित्झीने कोर्सोला कोर्सो राहू दिलं. 7 मार्चच्या परतीच्या डर्बीत इंटर 2-0 जिंकली, गोल कोर्सो आणि मात्झोलाचे. एखाद्याला त्याच्यासारखं खेळू देणं हे काम नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी संघ चालवून बघावा.

तुरिनवाला

मी युव्हेंटसचा, त्यामुळे एरिबेर्तोबद्दल मला आपुलकी आहे. आधीच सांगून टाकतो.

तुम्ही एक गोष्ट गाळली. 1969-70 मध्ये याच एरिबेर्तोच्या हाताखाली इंटर दुसरी आली होती, विजेत्या कालियारीच्या मागे. बोनिन्सेन्या 1969 च्या उन्हाळ्यात कालियारीहून आला, बदल्यात दोमेंगिनीसह तीन खेळाडू गेले. नव्या आघाडीवीराला संघात रुजवायला वर्ष जातं. ते वर्ष एरिबेर्तोचं. दमसास त्याने कमावून घेतला, संघ त्याने पळायला शिकवला. पुढच्या वर्षी बोनिन्सेन्याने 24 गोल मारले, लीगमध्ये सर्वाधिक, आणि हार पडला दुसऱ्याच्या गळ्यात. नांगरणी एकाची, मळणी दुसऱ्याची.

शिवाय 31 ऑक्टोबर 1970 विसरू नका. व्हिएन्नात ऑस्ट्रियाविरुद्ध इटलीकडून खेळताना कालियारीच्या जीजी रिव्हाचा पाय मोडला. कालियारी गतविजेती होती आणि तिची अर्धी ताकद तो एक माणूस होता. इंटरच्या वाटेतला सगळ्यात मोठा धोंडा इन्व्हेर्नित्झी येण्याआधी आठवडाभर आपोआप बाजूला झाला. हे त्याच्या खात्यावर कसं मांडायचं?

काळा-निळा

रिव्हाची दुखापत कबूल. पण इंटरने मागे टाकलं ते मिलान आणि नापोलीला. नेरेओ रोक्कोचं मिलान पूर्ण ताकदीनिशी खेळत होतं, रिव्हेरा होता, प्राती होता. त्यांचा कुणी पाय मोडला नव्हता.

आणि दमसासाचं म्हणाल, तर त्याच दमलेल्या-कमावलेल्या पायांनी डर्बीत 0-3 खाल्ले होते ना?

आकडेमोड

दोघांच्या भांडणात पडायचं नाही, पण प्रश्न मोठा करून बघू. मोसमाच्या मध्यात प्रशिक्षक जाऊनही इटलीत विजेतेपद मिळाल्याची मला माहीत असलेली तीन उदाहरणं आहेत आणि तिन्ही एकमेकांपासून वेगळी आहेत.

युव्हेंटस 1934-35. कार्लो कार्कानोने सलग चार विजेतेपदं मिळवून दिली होती. डिसेंबर 1934 मध्ये त्याला पद सोडावं लागलं, कारण मैदानावरचं नव्हतं. संघ बिगात्तो आणि गोला यांच्याकडे गेला आणि शेवटच्या दिवशी फ्लोरेन्समध्ये फेर्रारीच्या गोलवर सलग पाचवं विजेतेपद आलं. ते विजेतेपद नव्या प्रशिक्षकाचं आहे असं कुणी म्हणेल का?

मिलान 1954-55. हे तर ऐकूनच चक्रावायला होतं. बेला गुटमन हा हंगेरियन प्रशिक्षक. संघ गुणतक्त्यात वरच्या जागी, आणि फेब्रुवारी 1955 मध्ये त्यालाच काढलं. एत्तोरे पुरिचेल्ली आला, नॉर्डाल, लिडहोम, स्क्याफिनो यांचा तो संघ जिंकला. गुटमनने पुढे करारात कलम घालून घेतलं म्हणतात की संघ पहिल्या स्थानावर असताना मला काढता येणार नाही. नंतर बेनफिकाकडून त्याने 1961 आणि 1962 असे दोन युरोपियन कप जिंकले, म्हणजे माणूस कच्चा नव्हताच.

तिसरं इंटर. तिन्हींमध्ये समान काय, तर खेळाडू अव्वल होते. उलट बाजूने बघा: नापोलीने 2023 मध्ये विजेतेपद घेतलं आणि पुढच्याच मोसमात गार्सिया, मात्झारी, काल्झोना असे तीन प्रशिक्षक वापरून दहावा क्रमांक गाठला. मिलानने डिसेंबर 2024 मध्ये फोन्सेकाला काढलं, कोन्सेसाओ आला, आठवड्याभरात रियाधमध्ये इंटरला 3-2 हरवून इटालियन सुपरकप उचलला, आणि लीगमध्ये आठवं स्थान. नव्याची नवलाई आठवडाभर पुरते. पूर्ण मोसम पुरायचं तर मुळात संघ तसा लागतो. माझं मत: प्रशिक्षक बदलल्यामुळे विजेतेपद मिळालं असं सिद्ध करता येत नाही, बदलूनही मिळालं एवढंच म्हणता येतं.

पेठेचा_डावखुरा

आकडेमोड साहेब, तुमची मांडणी चोख आहे, पण ड्रेसिंग रूममध्ये बसलेल्या माणसाला ती पटणार नाही.

मी कोल्हापुरात एका तालमीच्या संघाकडून सहा वर्षं शाहू स्टेडियमवर खेळलो. एका मोसमात आमचे कोच असे होते की सराव संपला की प्रत्येकाने मैदानाला आणखी दहा फेऱ्या मारायच्या, मग तो गोलकीपर असो की विंगर. मी डावखुरा, मला उजवीकडे खेळवायचे, कारण कागदावर तसं लिहिलेलं. तीन सामने हरल्यावर मंडळींनी बैठक घेतली आणि आमच्यातलेच एक जुने खेळाडू, वय पंचेचाळीसच्या पुढं, कोच म्हणून आले. पहिल्या दिवशी त्यांनी काय केलं? बूट घालून स्वतः उतरले, मला डावीकडे ढकललं आणि म्हणाले, "तुझी बाजू ही. आता मला काही विचारू नकोस." बस्स. त्या दिवशी सराव संपला तरी कुणी घरी जायला तयार नव्हतं, अंधारात चेंडू दिसेना तोवर खेळलो.

आम्ही काही चॅम्पियन झालो नाही, उपांत्य फेरीत बाहेर पडलो. पण माणसं तीच, पाय तेच, आणि खेळ वेगळा. हे मी अंगावर घेतलंय. म्हणून कोर्सोचं वाचलं तेव्हा मला इन्व्हेर्नित्झी लगेच कळला. "खेळाडूंनीच जिंकलं" म्हणणारे विसरतात की तेच खेळाडू नोव्हेंबरात डर्बी हरले होते.

आकडेमोड

तुमचा अनुभव मी खोटा म्हणणार नाही. पण उपांत्य फेरीत बाहेर पडलात, हेही तुम्हीच लिहिलंय. माझा मुद्दा तोच आहे.

नाविल्योकाठी

मी गेली चार वर्षं मिलानमध्ये राहतो, शिकायला आलो आणि इथेच नोकरी लागली. माझे घरमालक सत्तरीचे, इंटरचे कट्टर. हा धागा वाचून काल रात्री त्यांना विचारलं, 1971 कोणाचं?

ते भांडी विसळत होते. उत्तर द्यायच्या आधी त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं, एका हाताने फ्रिज धरला, पाठ माझ्याकडे केली आणि उजवा पाय जमेल तेवढा वर उचलला. फाक्केत्तीचा डावीकडून क्रॉस, बोनिन्सेन्या गोलकडे पाठ करून हवेत आडवा, आणि कात्रीसारख्या पायांनी फोज्जाच्या जाळ्यात. ते तेव्हा शाळकरी होते आणि वडिलांबरोबर मैदानात होते. तो गोल सांगताना फ्रिज धरलेला हात थरथरत होता, मला भीती वाटली की पडतील.

मग म्हणाले, विजेतेपद मात्झोला, फाक्केत्ती, बुर्न्यिच, कोर्सो यांचं. ही मंडळी एलेनियोबरोबर युरोप जिंकलेली, त्यांना नव्या माणसाने येऊन चालायला शिकवायचं नव्हतं. नापोलीविरुद्धचा 21 मार्चचा सामना त्यांनी पुरावा म्हणून दिला: आल्ताफिनीने नापोलीला आघाडी दिली, बुर्न्यिचला बाहेर काढलं, इंटर दहा जणांवर, आणि तरी बोनिन्सेन्याच्या दोन गोलांनी 2-1. त्या पंचांच्या कामगिरीवरून नापोलीचे लोक अजून चिडतात, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. "अशा वेळी बाकावरून काय करता येतं?" असं म्हणाले.

म्हणजे घरमालक काळा-निळा यांच्या विरुद्ध बाजूचे. पण मी इन्व्हेर्नित्झीचं नाव परत काढलं तेव्हा ते जरा थांबले आणि म्हणाले, "तो आमच्यातला होता. त्याच्यासाठी खेळायची कुणाला लाज वाटली नाही." मी दोन्ही वाक्यं इथे जशीच्या तशी देतोय.

तुरिनवाला

"आमच्यातला" हे कौतुक आहे, पण हाच धोका पण आहे. आता पुढचं बघा. 1971-72 मध्ये इंटर लीगमध्ये पाचवी, विजेतेपद आमचं. युरोपियन कपच्या अंतिम सामन्यापर्यंत इन्व्हेर्नित्झीने नेलं, ते मान्य. 31 मे 1972 ला रॉटरडॅममध्ये अयाक्सने 2-0 हरवलं, दोन्ही गोल क्रॉयफचे. त्या दिवशी इंटर जो खेळ खेळत होती तो साठच्या दशकातला होता आणि समोरचा संघ पुढच्या दशकात पोचलेला होता. जुन्या मंडळींना त्यांच्या मनासारखं खेळू दिलं की त्या वर्षी घडी बसते, पण संघ पुढे सरकत नाही. एरिबेर्तो सगळ्यांना पळा म्हणत होता, तेव्हा तो चुकीच्या ड्रेसिंग रूममध्ये बरोबर बोलत होता असं मला वाटतं.

आणि 1973 मध्ये इन्व्हेर्नित्झीलाही मोसम संपायच्या आत जावं लागलं, एनेआ मासिएरो आला. जी कुऱ्हाड त्याच्या कामी आली तीच त्याच्यावर पडली.

पेठेचा_डावखुरा

तुरिनवाला दादा, अयाक्ससमोर त्या वर्षी युरोपात कोण टिकलं? अंतिम सामन्यात क्रॉयफकडून हरला म्हणून आधीच्या वर्षाचं श्रेय काढून घ्यायचं, हे मला पटत नाही. आमच्याकडे म्हणतात, पीक आलं त्या वर्षाचा हिशेब त्या वर्षी.

तुरिनवाला

श्रेय काढून घेत नाही, वाटून घ्या म्हणतोय. त्या 30 सामन्यांतले पहिले पाच कुणाच्या नावावर आहेत? त्यातले गुणही 46 मध्येच मोजलेत.

काळा-निळा

हा मुद्दा मला खोडता येत नाही. चार गुणांच्या फरकाने जिंकलेल्या लीगमध्ये एरिबेर्तोच्या पाच फेऱ्यांतले गुण काढले तर ते अंतर तेवढं राहत नाही. मी इतकी वर्षं त्या पाच फेऱ्यांकडे फक्त डर्बीपुरतं बघत आलो.

तरी एक सांगतो. नाविल्योकाठी यांच्या घरमालकांनी विचारलं ना, दहा जणांवर असताना बाकावरून काय करता येतं. घाबरून आणखी एक बचावपटू आत न टाकणं, हे करता येतं. बुर्न्यिच गेल्यावर आघाडीच्या माणसाला मागे ओढलं असतं तर दोन गोल कुणी मारले असते? तो निर्णय मात्झोलाचा असेल किंवा इन्व्हेर्नित्झीचा, पण नाही म्हणायचा अधिकार इन्व्हेर्नित्झीकडे होता आणि त्याने तो वापरला नाही.

शीर्षक तसंच ठेवतोय. पहिल्या पोस्टमध्ये 1969-70 चं दुसरं स्थान मात्र आजच जोडतो. नाविल्योकाठी, घरमालकांना एक विचाराल का: त्या डर्बीच्या रात्री, 0-3 नंतर, एरिबेर्तोला काढा असं ते स्वतः म्हणाले होते का?