प्रति: फ्लिकर नंतर सॉफ्टवेअरने काढता येईल

वर म्हटलंय की भिंतीवर सुपर ८ (जुनी घरगुती ८ मिमी फिल्म) चालवून कॅमेऱ्याने टिपा, फ्लिकर (चित्राची लुकलुक) नंतर सॉफ्टवेअरने काढू. थोडाफार निघतोही, पण त्यासोबत सावल्यांमधला तपशील जातो, आणि तो परत येत नाही. फ्लिकर टिपतानाच घालवायला हवा. बहुतेक सुपर ८ प्रोजेक्टरांच्या शटरला (दिव्याचा उजेड अडवत फिरणाऱ्या चकतीला) तीन पाती असतात, म्हणजे एक फ्रेम पडद्यावर तीनदा उजळते. प्रोजेक्टरचा वेग सेकंदाला १६⅔ फ्रेम ठेवला की बरोबर ५० उजेड होतात. कॅमेरा ५० एफपीएसवर (सेकंदाला ५० फ्रेम) आणि त्याचा शटर १/५० सेकंदावर लावला की प्रत्येक व्हिडिओ फ्रेमला सारखाच उजेड मिळतो. (६० एफपीएसचा कॅमेरा असेल तर वेग २० आणि शटर १/६०. पाती दोनच असतील तर ५० साठी वेग २५ लागतो.)

प्रोजेक्टर आधी दहा मिनिटं रिकामा चालवा, कारण मोटर तापेपर्यंत वेग सरकत राहतो. मग कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघत वेगाचा नॉब अगदी हळू फिरवा. लुकलुक संथ होत होत थांबते, तीच जागा. ५० फुटी रीळ, म्हणजे ३६०० फ्रेम, ३ मिनिटं ३६ सेकंदांत संपलं तर वेग अचूक. एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल, नाहीतर चित्रात पांढरी साडी आली की बाकीचं सगळं काळवंडतं.

एडिटिंगमध्ये एकाच चित्राच्या दर तीन व्हिडिओ फ्रेममधली मधली ठेवा (कडेच्या फ्रेममध्ये दोन चित्रं मिसळलेली असू शकतात) आणि क्लिप १८ एफपीएसवर चालवा. माणसं नेहमीच्या चालीने चालतात.