ट्रेडमिलवरची चाल उंबरठा ओलांडते का?

पारिजात: पक्षाघाताच्या रुग्णाला पट्ट्यांनी वर तोलून धरायचे, त्याच्या वजनाचा काही भार हलका करायचा आणि ट्रेडमिलवर चालवायचे, या उपचाराचे सध्या फार कौतुक होते. माझ्या मते तो पैसा घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टवर खर्च करावा. अमेरिकेत ४०८ रुग्णांवर झालेल्या ‘लीप्स’ चाचणीत (२०११) या उपचाराची तुलना घरी करून घेतलेल्या ताकदीच्या व तोल सांभाळण्याच्या व्यायामांशी केली होती. वर्षअखेरीस सुमारे ५२ टक्के रुग्णांची चाल सुधारलेली होती, मात्र गटागटांत लक्षणीय फरक नव्हता. उलट, चाल फारच बिघडलेल्या ज्या रुग्णांना लवकर ट्रेडमिलवर घेतले, त्यांच्यात पुन्हा पुन्हा पडण्याचे प्रमाण अधिक होते.

फिजिओ_पुणे: चाचणी खरी, पण निष्कर्ष घाईचा वाटतो. दोन उपायांनी सारखाच गुण आला, म्हणून त्यांतला एक निरुपयोगी ठरत नाही. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात ५६ चाचण्या होत्या. जे आधीच चालू शकत होते, त्यांचा वेग आणि न थकता चालण्याची क्षमता ट्रेडमिलने वाढल्याचे त्यात दिसते. ज्यांना आधाराशिवाय चालताच येत नव्हते, त्यांची स्वतंत्रपणे चालण्याची शक्यता मात्र वाढली नाही. तेव्हा रुग्ण कोणता, हे आधी ठरवायला हवे.

पारिजात: त्याच आढाव्यातील वेगाची सरासरी वाढ सेकंदाला सुमारे ६ सेंटीमीटर आहे, हेही सांगायला हवे होते. शिवाय ट्रेडमिलचा पट्टा पाय मागे ओढून नेतो, तसे घरात कोणी ओढत नाही. माझ्या वडिलांचे पाऊल यंत्रावर सुरेख पडत असे आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याशी ते हमखास अडखळत.

फिजिओ_पुणे: तुमच्या वडिलांचा अनुभव मी नाकारत नाही, अनेकांचे तसेच होते. परंतु ‘लीप्स’मध्येही ट्रेडमिलनंतर रुग्णाला जमिनीवर चालवून घेतले जात होते. जिथे हा भाग गाळून रुग्णाला नुसते यंत्रावर ठेवतात, तिथे दोष उपचार करणाऱ्याचा आहे.

पारिजात: जमिनीवरही चालवत होते आणि तरीही घरच्या व्यायामाहून अधिक काही हाती लागले नाही, हेच तर मी म्हणतो आहे.

फिजिओ_पुणे: घरचा व्यायाम म्हणजे तिथेही फिजिओथेरपिस्ट समोर उभा राहून, ठरल्या वेळी, आठवडेच्या आठवडे करून घेत होता. कागदावर व्यायाम लिहून देऊन रुग्णाला घरी पाठवले, तर ही तुलना लागू होत नाही.