वरचे टुम्म, तळाचे उपाशी: लोच आणि कोरींना खायला कसं घालायचं?

राजारामपुरीकर
माशांचा टँक ३ फुटी (३६ × १५ × १८ इंच), टॉप फिल्टर, तळाला रंगीत खडी. आत ८ विडो टेट्रा, ४ रोझी बार्ब, १ सकर, ३ कुहली लोच, २ कोरी (हे शेवटचे तिन्ही तळाशी राहणारे). तळाला बसणारे दाणे टाकले की बार्ब ते अर्ध्या वाटेतच उचलतात. दिवा बंद करून वेफर (माशांच्या खाण्याची बुडणारी चकती) टाकला तर सकर त्यावर ठाण मांडून बसतो. सकाळी खडीत अडकलेल्या तुकड्यांवर पांढरी बुरशी. लोचांची पोटं आत गेली आहेत. खाणं वाढवू का?

दाणापाणी
अजिबात नको भावा. वाढवलेलं बार्बच्याच पोटात जाणार आणि उरलेलं खडीत कुजून अमोनिया करणार. खाणं कमी नाही, ते पोचत नाही.

आधी वरच्यांना तरंगते दाणे घालून टुम्म कर. दहा मिनिटांनी टँकचा दिवा घालव, खोलीतलाही मंद कर. अर्ध्या तासानं तळाचं खाणं, तेही पाइपमधून. वायरिंगचा २० मिमीचा नवा पीव्हीसी पाइप २२ इंच कापून घे. नारळाची डोळ्यांकडची अर्धी करवंटी घे, शेंड्या खरवडून काढ, २० मिनिटं उकळ, कडा कानशीनं घास. माथ्यावर पाइप जाईल एवढं भोक आणि खाली कडेला १५ मिमीची तीन दारं पाड. दोन-तीन दिवस पाण्यात बुडवून ठेव, नाहीतर तरंगते. पाणी चहासारखं झालं तरी घाबरू नकोस. आत ३ इंची काचेची बशी ठेव. त्या दारातून लोच जाते. मोठा बार्ब किंवा सकर नाही.

दाणे आधी टँकच्या पाण्यात एक मिनिट भिजव. कोरडे टाकलेस तर पाइपमधल्या पाण्यावरच तरंगत बसतात. कडेला चिकटले तर सिरिंजनं वरून थोडं पाणी सोड. ३ लोचांना १ मिमीचे १५ दाणे बास. सकाळी करवंटी उचल, बशीत दाणे उरले असतील तर तेवढे उद्या कमी.

मोठ्या कोरी त्या दारातून जात नाहीत, त्यांचे दाणे पाइपनंच, पण टँकच्या दुसऱ्या कोपऱ्यात.

काचेतलं_तळं
करवंटी उत्तम, पण मूळ दुखणं खडी आहे. दाणा फटीत गेला की लोच आणि कोरी दोघांनाही तो काढता येत नाही. धारदार खडी आणि खाली साठलेली घाण यांनी कोरींच्या मिशा झिजतात, मग त्यांना खाणं हुडकणंही जड जातं. बारीक, गोल कणांची नदीची वाळू चाळून, पाणी नितळ येईपर्यंत धुवा. चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाकून बघा. फेस आला तर ती वाळू नको, पाणी जड करते. थर दीड-दोन इंच. सगळी खडी एकदम काढू नका, फिल्टरसारखे उपयोगी जिवाणू तिच्यातही असतात. आज अर्धी, दोन आठवड्यांनी उरलेली. वाळू घालताना पंप बंद ठेवा, नाहीतर इम्पेलर (पंपातलं फिरतं पातं) घासतो. पंपाच्या तोंडाला स्पंज बसवा. कुहली आत शिरून अडकते.

आणि संख्या. दोन कोरी आणि तीन लोच म्हणजे सगळे भेदरलेले. एकाच जातीच्या सहा कोरी असतील तर त्या भरदिवसा खायला बाहेर येतात, त्या मुळात निशाचर नाहीत. कुहली मात्र अंधारातलीच. जागा करायची तर सकर कुणाला तरी द्या, तो फूटभर वाढतो. पण कृपा करून रंकाळ्यात किंवा पंचगंगेत सोडू नका, बाहेरचा मासा आहे, तिथल्या माशांच्या मुळावर येतो.

वाळूखालचा
सकर जाईपर्यंत त्याला गुंतवा: काकडीची जाड चकती दोन मिनिटं उकळून, स्टीलच्या काट्याला टोचून लांबच्या कोपऱ्यात. सकाळी काढायची.

पोटं आत गेलेल्या लोचांना आठवड्यातून दोनदा फ्रोझन ब्लडवर्म (गोठवलेल्या लाल अळ्या) द्या. अर्धा क्यूब वाटीत वितळवा, वरचं पाणी ओतून टाका, सिरिंजला एअर पंपाची नळी लावून करवंटीच्या दारात सोडा. जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) टाळलेलं बरं, बऱ्याचदा गटाराच्या पाण्यातलं असतं. नीट खाऊनही दोन-तीन आठवड्यांत पोट भरलं नाही तर आतल्या जंतांची शंका घ्या. औषधाचा डोस मात्र जपून, लोचांना खवले नावालाच असतात.

एप्रिल-मेमध्ये पाणी ३० अंशांवर गेलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो. त्या दिवसांत तळाचं खाणं निम्मं करा. रात्री लाइट गेली आणि पंप थांबला तर उरलेले दाणेच पहिला घात करतात.

राजारामपुरीकर
करवंटी उकळायला ठेवलीय. एक विचारायचं राहिलं: कोरी मधूनच सुसाट वर येते आणि परत खाली जाते. ही भूक म्हणायची का?

काचेतलं_तळं
नाही. ती हवा गिळते, आतड्यातून तिला ऑक्सिजन घेता येतो. तासातून काही वेळा चालतं. मिनिटामिनिटाला वर येत असेल तर खाणं थांबवा, एक तृतीयांश पाणी बदला आणि एअर पंप चालू ठेवा. नळाचं पाणी असेल तर आधी क्लोरीन घालवणारे थेंब घाला.