जिव्हाग्रसनी तंत्रिका: एकाच तंत्रिकेकडे इतकी निरनिराळी कामे कशी?

प्रश्न – खानापूरची फिजिओथेरपी विद्यार्थिनी

नमस्कार. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण खानापूर तालुक्यात मराठी माध्यमातून झाले असून सध्या मी बेळगावात फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे. मस्तिष्क तंत्रिकांचा, म्हणजे थेट मेंदूतून निघणाऱ्या आणि क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या तंत्रिकांचा, भाग सुरू आहे आणि नवव्या, म्हणजे ग्लॉसोफॅरिंजियल किंवा जिव्हाग्रसनी तंत्रिकेपाशी मी अडले आहे. सातवी म्हटले की चेहऱ्याचे स्नायू डोळ्यांसमोर येतात, बारावी म्हटले की जिभेची हालचाल आठवते. नववीचे मात्र असे एक चित्र मनात तयारच होत नाही. जिभेच्या मागच्या एक तृतीयांश भागाची चव तिच्याकडे, घशाची संवेदना तिच्याकडे, एका बारीक स्नायूची हालचाल तिच्याकडे, कानापुढच्या पॅरोटिड लाळग्रंथीला स्रवण्याचा आदेश तिचा, आणि शिवाय मानेतल्या धमनीतील रक्तदाबाची खबरही तीच मेंदूला देते. पाठ करून उत्तरपत्रिकेत हे लिहिता येईल, पण या सगळ्याला बांधणारे सूत्र काय, हे मला समजून घ्यायचे आहे.

दुसरी गोष्ट घरची आहे. निपाणीजवळ राहणाऱ्या माझ्या आत्याचा उजवा कान बरेच दिवस दुखतो आहे. कानाचा पडदा स्वच्छ असल्याचे तपासणीत सांगितले आणि थेंब घालूनही काही फरक पडलेला नाही. आमच्या मॅडमना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या की घसा नीट तपासून घ्या, नववी तंत्रिका वाचलीस की कारण कळेल. कान आणि घसा यांचा हा संबंध कोणी उलगडून सांगेल का?

उत्तर – शरीररचनाशास्त्राचे निवृत्त शिक्षक, बेळगाव

तुमचा पहिला प्रश्न मला फार योग्य वाटला, कारण हे सूत्र खरोखरच आहे आणि ते प्रौढ शरीरात नव्हे, गर्भात सापडते. गर्भाच्या चौथ्या-पाचव्या आठवड्यात मानेच्या भागात ग्रसनी-कमानी, म्हणजे पुढे घसा आणि मान घडवणारे पट्टे, तयार होतात. प्रत्येक कमानीला स्वतःची कूर्चा, स्वतःचे स्नायू, स्वतःची धमनी आणि स्वतःची तंत्रिका असते. पहिल्या कमानीची तंत्रिका पाचवी, दुसरीची सातवी, तिसरीची नववी, आणि त्यानंतरच्या कमानींची दहावी. आता तिसऱ्या कमानीपासून पुढे काय घडते ते पाहा. तिच्यातून स्टायलोफॅरिंजिअस हा एकच स्नायू निर्माण होतो, म्हणून नववीकडे चालवायला स्नायू एकच आहे. गिळताना तो ग्रसनी (घसा) आणि स्वरयंत्र वर उचलतो. जिभेच्या मागच्या भागाचे आवरण प्रामुख्याने याच कमानीचे, म्हणून तिथली चव आणि स्पर्श दोन्ही नववीकडे येतात. पुढच्या दोन तृतीयांश भागात मात्र स्पर्श पाचवीकडे आणि चव सातवीकडे अशी विभागणी आहे. मानेतल्या कॅरोटिड धमनीचा कॉमन भाग आणि इंटर्नल शाखेचा सुरुवातीचा भाग हेसुद्धा तिसऱ्या कमानीच्या धमनीपासूनच होतात, आणि नेमक्या त्याच जागी रक्तदाब टिपणारा कॅरोटिड सायनस व रक्तातील ऑक्सिजन टिपणारी कॅरोटिड बॉडी असतात. त्यामुळे रक्तदाबाची खबर नववीने का द्यावी, हे कोडे उरत नाही.

परीक्षेत हमखास विचारली जाणारी एक बारीक गोष्टही यातूनच सुटते. जिभेवरील आठ ते बारा मोठे सर्कमव्हॅलेट पॅपिले, म्हणजे चवीचे उंचवटे, टर्मिनल सल्कस या खाचेच्या पुढे दिसतात, म्हणजे वरवर पाहता ते पुढच्या भागात मोडतात, तरीही त्यांची चव नववीकडे जाते. तिसऱ्या कमानीचे आवरण वाढीच्या काळात पुढे सरकते आणि आपली तंत्रिका सोबत घेऊन येते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

मार्गाविषयी थोडे. ही तंत्रिका मेड्युलाच्या, म्हणजे मेंदूच्या देठाच्या खालच्या भागाच्या, बाजूला, ऑलिव्ह या उंचवट्याच्या मागच्या खाचेतून बाहेर पडते. तिथून दहावी आणि अकरावीच्या सोबतीने जुगुलर फोरामेन या छिद्रातून ती कवटीबाहेर येते आणि तिथेच तिच्या दोन गँग्लिया (तंत्रिकापेशींचे पुंजके) असतात. पुढे ती इंटर्नल कॅरोटिड धमनी व इंटर्नल जुगुलर शीर यांच्यामधून उतरते, स्टायलोफॅरिंजिअस स्नायूला वळसा घालते, ग्रसनीच्या वरच्या व मधल्या कन्स्ट्रिक्टर स्नायूंमधल्या फटीतून आत शिरते, आणि टॉन्सिलच्या तळाशेजारून जिभेच्या मुळापाशी पोहोचते.

लाळग्रंथीचे काम मात्र कमानीच्या सूत्रात बसवू नका. ते वेगळेच लक्षात ठेवावे लागते. मेंदूच्या देठातल्या इन्फीरियर सॅलिव्हेटरी केंद्रातून निघालेले तंतू नववीची टिंपॅनिक शाखा धरून मध्यकर्णात जातात, तिथल्या जाळ्यातून लेसर पेट्रोझल तंत्रिका होऊन फोरामेन ओव्हेल या कवटीतल्या छिद्रातून खाली उतरतात, ओटिक गँग्लियनमध्ये थांबतात, आणि तिथून नवे तंतू पाचवीच्या ऑरिक्युलोटेम्पोरल शाखेच्या सोबतीने पॅरोटिडपर्यंत जातात. वाट लांबची आहे, पण ती मध्यकर्णातून जाते एवढे पक्के धरून ठेवा. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर याच टिंपॅनिक शाखेत आहे. डेन्मार्कचे जेकबसन यांच्या नावाने ती ओळखली जाते.

उत्तर – कान-नाक-घसा डॉक्टर, निपाणी

सरांनी जिथे सोडले तिथून पुढे सांगतो. टिंपॅनिक शाखेत लाळेचे तंतू आहेत तसेच मध्यकर्णाच्या आतील अस्तराची, पडद्याच्या आतल्या बाजूची आणि कान-घशाला जोडणाऱ्या युस्टेशियन नळीची संवेदना नेणारे तंतूही आहेत. टॉन्सिल, जिभेचे मूळ आणि ग्रसनीची भिंत यांच्याकडून येणारे तंतूही याच तंत्रिकेने मेंदूकडे जातात. दोन्हीकडच्या वेदनेचे संदेश मेंदूच्या देठात एकाच केंद्रात, पाचवीच्या स्पायनल केंद्रात, पोहोचत असल्यामुळे घशातल्या इजेची वेदना कानातच होत असल्यासारखी भासते. टॉन्सिलची शस्त्रक्रिया झालेली मुले दोन-चार दिवस कान दुखतो म्हणून रडतात, त्याचे कारण हेच, आणि त्यांच्या कानात थेंब घालून काहीही उपयोग नसतो.

आता आत्याबाईंविषयी. त्यांना न तपासता निदान करणे योग्य नाही आणि मी ते करत नाही. पण निपाणी हा तंबाखूचा मुलूख आहे. इथे मिसरी लावणाऱ्या बायका, तंबाखू-चुना मळणारे पुरुष आणि बिडीच्या कामात आयुष्य गेलेली कुटुंबे घरोघर आहेत. एका बाजूचा कान सतत दुखतो, कान मात्र स्वच्छ आहे, आणि व्यक्ती मध्यमवयीन किंवा वयस्कर असून तंबाखूच्या सवयीची आहे, अशा वेळी जिभेचे मूळ, टॉन्सिल आणि स्वरयंत्राभोवतीचा भाग दुर्बिणीने पाहिल्याशिवाय तपासणी पूर्ण झाली असे मी मानत नाही. जिभेच्या मुळाचा कर्करोग आरशात किंवा साध्या उजेडात सहज दिसत नाही. कधी कधी कानदुखी आणि मानेतली न दुखणारी गाठ एवढीच त्याची चिन्हे असतात. म्हणून बोटाने चाचपून पाहणेही आवश्यक असते. दाढेचे दुखणे पाचवीमार्फत आणि स्वरयंत्राजवळचे दुखणे दहावीमार्फत कानात जाणवू शकते, त्यामुळे दात आणि जबड्याचा सांधाही पाहावा लागतो. बहुतेकांत कारण साधे निघते. तरीही आत्याबाईंना या आठवड्यातच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

याच तंत्रिकेचा एक दुर्मीळ आजार म्हणजे ग्लॉसोफॅरिंजियल न्यूराल्जिया. गिळताना, जांभई देताना, बोलताना किंवा खोकताना घशात आणि कानात विजेसारखी कळ येते, काही सेकंद ते दोन मिनिटे टिकते आणि थांबते. काही रुग्णांत या कळेबरोबर नाडी मंदावून शुद्ध हरपते, कारण कॅरोटिड सायनसचे तंतूही याच तंत्रिकेत आहेत. कार्बामॅझेपीन या औषधाने बऱ्याच जणांना आराम पडतो. न पडल्यास मेंदूच्या देठाजवळ तंत्रिकेवर दाबणारी रक्तवाहिनी बाजूला करण्याची शस्त्रक्रिया करता येते. स्टायलॉइड हे हाड वाजवीपेक्षा लांब असले तरी अशाच प्रकारची तक्रार उद्भवू शकते, म्हणून तेही तपासले जाते.

उत्तर – वाचा व गिळण्याच्या उपचारांचे काम करणारी थेरपिस्ट, चिकोडी

तुम्ही फिजिओथेरपी शिकत आहात, म्हणून दोन गोष्टी आवर्जून सांगते. घशाच्या मागच्या भिंतीला स्पर्श केल्यावर येणाऱ्या उबळीत, म्हणजे गॅग रिफ्लेक्समध्ये, संवेदना मेंदूकडे नेणारी बाजू नववीची आणि स्नायू आकसवणारी बाजू मुख्यतः दहावीची. पक्षाघाताच्या रुग्णाला ही उबळ येते म्हणजे त्याला पाणी पाजायला हरकत नाही, असे वॉर्डात अनेकदा गृहीत धरले जाते. हे धोक्याचे आहे. निरोगी माणसांतही हा रिफ्लेक्स काही जणांत नसतो, आणि तो असूनही अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते. गिळण्याची तपासणी स्वतंत्रपणे, रुग्णाला ताठ बसवून, थोड्या थोड्या पाण्यापासून सुरुवात करूनच व्हायला हवी.

दुसरे असे की नववी एकटी बिघडलेली क्वचितच आढळते. जुगुलर फोरामेनपाशी गाठ असेल तर नववी, दहावी आणि अकरावी तिन्ही एकदम दुबळ्या होतात. तुमच्याकडे खांदा उचलता येत नाही म्हणून व्यायामासाठी आलेल्या रुग्णाचा आवाज घोगरा असेल आणि त्याला पाणी पिताना ठसका लागत असेल, तर केवळ ट्रॅपेझिअस स्नायूला व्यायाम देऊन थांबू नका. त्याला न्यूरॉलॉजीकडे पाठवा.

विद्यार्थिनी

सर्वांचे मनापासून आभार. आत्याला उद्याच घेऊन जात आहोत. ती मिसरी लावते, हे मी लिहायला हवे होते. एक शंका उरली आहे. संकेश्वरी मिरची खाल्ल्यावर घशात मागे जी आग होते, ती नववीची चवच म्हणायची का?

उत्तर – शरीररचनाशास्त्राचे निवृत्त शिक्षक, बेळगाव

नाही. तिखटपणा ही चव नाही. मिरचीतले कॅप्सेसिन उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या तंतूंना उद्दीपित करते. जिभेच्या पुढच्या भागात हे तंतू पाचवीचे असतात, आणि मागे घशाकडे नववीचे. म्हणजे आग पोहोचवते नववीच, पण चवीच्या तंतूंनी नव्हे. चवीचे तंतू मेंदूच्या देठातल्या सॉलिटरी केंद्रात जातात आणि वेदनेचे पाचवीच्या स्पायनल केंद्रात. कॅरोटिड सायनसकडून येणारे तंतूही सॉलिटरी केंद्रातच संपतात. रक्तदाब वाढला की तिथून पुढे दहावीमार्फत हृदयाची गती कमी केली जाते. कॅरोटिड बॉडी रक्तातील ऑक्सिजन घटल्याची सूचना देते आणि श्वास वाढतो. सायनसच्या व महाधमनीच्या यंत्रणेचा श्वसनाशी असलेला संबंध दाखविल्याबद्दल बेल्जियमचे कॉर्नेल हेमन्स यांना 1938 चे नोबेल पारितोषिक मिळाले. शरीरक्रियाशास्त्राच्या तासाला हा भाग येईल तेव्हा तिसऱ्या कमानीची आकृती शेजारी ठेवून वाचा, आणि आत्याबाईंच्या तपासणीत काय निघाले ते इथे जरूर कळवा.