अॅम्बेसेडर मार्क-२ : डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट टिकत नाहीत, बुश बदलावा का?

प्रश्न (घाटंजी, जि. यवतमाळ)
आजोबांनी घेतलेली मार्क-२ अॅम्बेसेडर, मूळच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनासह, आमच्याकडे अजून चालू आहे. दिवाळीपासून मात्र ती आयडलवर थरथरते आणि इंजिन तापले की चढावर मिसिंग करते, म्हणजे मधूनच ठोके चुकवते. डिस्ट्रिब्युटरमधले (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागातले) पॉइंट, म्हणजे उघडमीट करणारे संपर्कबिंदू, तीनदा बदलले. महिनाभर बरे चालते, मग पुन्हा तेच. डेल्को (डिस्ट्रिब्युटर) काढून इलेक्ट्रॉनिक संच बसवावा, असे मिस्त्री म्हणतात. गाडी मूळ रूपात राहावी ही वडिलांची इच्छा असल्याने, जुनाच डिस्ट्रिब्युटर दुरुस्त होईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (हिंगणघाट)
नक्की होईल. काढलेले पॉइंट जपून ठेवले असतील तर उजेडात धरून पाहा. एकावर खड्डा आणि दुसऱ्यावर तेवढेच टेंगूळ दिसत असेल, तर कंडेन्सरवर पहिला संशय घ्यावा. तो साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा असतो, आणि बिघडला की नवे पॉइंटही लवकर जळतात.

त्यानंतर कॅप व रोटर काढून शाफ्टचे टोक चिमटीत धरा आणि आडवे हलवा. हालचाल बोटाला जाणवली, तर बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती बारीक नळी, झिजला आहे. खात्रीसाठी इंजिन हाताने फिरवत कॅमच्या चारही उंचवट्यांवर फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) पॉइंटमधली गॅप मोजावी. ती सर्वत्र ०.३५ ते ०.४० मिलिमीटर हवी. प्रत्येक ठिकाणी वेगळी येत असेल, तर कितीही पॉइंट बदलले तरी टायमिंग स्थिर राहणार नाही. आपले तीन जोड बहुधा यातच गेले.

बुश ब्रॉन्झचा असतो. जिनिंगची कामे करणारा चांगला लेथवाला तो बसवून देतो. फक्त नवा बुश बसवण्यापूर्वी चोवीस तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवण्याचा आग्रह धरा. खालचा ड्राइव्ह डॉग (शाफ्टला इंजिनाशी जोडणारा दातेरी तुकडा) पिन ठोकून काढण्याआधी त्यावर व शाफ्टवर खूण करा. त्याचे दात मध्यापासून किंचित एका बाजूला असतात, त्यामुळे तो उलटा जोडला गेला तर रोटर १८० अंशांनी फिरलेला राहतो आणि गाडी चालूच होत नाही.

उत्तर (आर्वी)
वरील सल्ल्याशी सहमत आहे, परंतु लेथवाल्याकडे जाण्याआधी पॉइंट ज्यावर बसतात त्या बेस प्लेटची अर्थिंगची विणलेली बारीक वायर अवश्य तपासावी. व्हॅक्यूमने प्लेट सरकते तशी ती रोज वाकते आणि वरून शाबूत दिसत असूनही आवरणाखाली तुटत जाते. माझ्या गाडीत हाच दोष होता. तो सापडेपर्यंत मी विनाकारण कॉइलही बदलली. फायरिंग ऑर्डर (सिलिंडरना ठिणगी मिळण्याचा क्रम) १-३-४-२ असून रोटर डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट, फिरतो. प्लगच्या वायरी काढण्याआधी त्यांवर क्रमांक टाकावेत.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. अर्थिंगची वायर चांगली निघाली. गॅप मात्र एका उंचवट्यावर ०.३० आणि समोरच्यावर ०.४५ भरली, आणि पॉइंटवर टेंगूळही होते. यवतमाळला बुश बसवून घेतला, कंडेन्सर बदलला, रोटरखालच्या स्क्रूवर दोन थेंब तेल सोडले. काल घाटंजीहून पांढरकवड्यापर्यंत भर दुपारी जाऊन आलो. एकदाही मिसिंग झाले नाही. परतताना वडिलांनी स्वतः गाडी चालवली.