फिजिक्स की जिऑलॉजी? बी.एस्सी. पहिलं वर्ष, बडोदा

दांडियाबाजारची मुलगी
नमस्कार. मी सयाजीराव विद्यापीठात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. मेजर, म्हणजे मुख्य विषय, फिजिक्स लिहिलंय, कारण बारावीत त्यात मार्क चांगले होते आणि घरी तोच विषय ओळखीचा. पण जिऑलॉजीच्या, म्हणजे भूगर्भशास्त्राच्या, प्रॅक्टिकलची वेळ संपली तरी मला लॅबमधून निघवत नाही. पावागडला लहानपणापासून जातेय, पण खालचा काळा बेसाल्ट आणि माथ्याचा फिकट रायोलाइट हे वेगळे खडक आहेत हे यंदा पहिल्यांदा दिसलं. आजी म्हणते, मुलीच्या जातीने हातोडी घेऊन रानात कशाला फिरायचं? आईला नोकरीची काळजी. मेजर बदलू का?

रावपुऱ्याचा दादा
यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यात दुसऱ्या सेमिस्टरनंतर त्याच विद्याशाखेत मेजर बदलायची सोय आहे. आपल्याकडे जागा किती आणि अर्ज कधी, ते आत्ताच ऑफिसात जाऊन विचार. पण माझं ऐकशील तर फिजिक्सच ठेव. त्यातून नंतर कुठेही वळता येतं.

मकरपुऱ्याच्या काकू
दादा, कुठेही नाही वळता येत. यूपीएससीच्या जिओ-सायंटिस्ट परीक्षेत जिओफिजिसिस्टच्या (फिजिक्सच्या पद्धतींनी जमिनीचा अभ्यास करणाऱ्याच्या) जागेला फिजिक्सची एम.एस्सी. चालते, हे खरं. जिऑलॉजिस्टच्या जागेला चालत नाही. तिथे जिऑलॉजीच लागते, आणि तीही एम.एस्सी.पर्यंत. म्हणून मुली, नुसत्या बी.एस्सी.वर थांबायचा विचार असेल तर या विषयात येऊ नकोस. पुढे शिकायची तयारी असेल तर 'जॅम' या एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेत जिऑलॉजीचा स्वतंत्र पेपर आहे, त्यावर आयआयटीत एम.एस्सी. करता येते.

मी तेलविहिरींवर काम केलंय. लुणेजला १९५८ मध्ये तेल लागलं, अंकलेश्वरला १९६० मध्ये, म्हणून तर आपल्या बडोद्यात या धंद्याची एवढी माणसं. रिगवर, म्हणजे विहीर खणायच्या यंत्रावर, जिऑलॉजिस्टचं काम काय, ते कोणी सांगत नाही म्हणून सांगते. खणताना विहिरीत सोडलेल्या चिखलाबरोबर खडकाचा चुरा वर येतो. तो धुवायचा, चाळायचा, मायक्रोस्कोपखाली बघायचा, मग अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरायचा. तेल असेल तर चमकतो. चुऱ्याला वर यायला वेळ लागतो, तेवढ्यात ड्रिल पुढे गेलेलं असतं, म्हणून तो कुठल्या खोलीवरचा हे हिशेबाने काढायचं. रात्री दोनलाही हेच. मला हे काम मनापासून आवडायचं. शेजारच्या तंबूतल्या हुशार मुलाला आवडलं नाही, तो वर्षभरात बँकेत गेला.

तेलाशिवाय पाणीही आहे. भूजल मंडळात हायड्रोजिऑलॉजिस्ट लागतात, आणि गुजरातेत पाण्याचं काम संपणारं नाही.

तेव्हा लॅबवरून ठरवू नकोस. कच्छची फिल्ड ट्रिप कर. उन्हात दिवसभर खडकांच्या थरांचा उतार मोजून संध्याकाळी वही नीट लिहाविशी वाटली, तर बिनधास्त बदल. आणि आजींना बालासिनोरजवळ रैयोलीला घेऊन जा. डायनासोरची अंडी बघितली की त्याच तुला प्रश्न विचारतील.

दांडियाबाजारची मुलगी
काकू, खूप खूप आभार. हे सगळं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, रात्री दोनला रिगवर बायका असतात का, ते आधी विचार. आणि मायनर गणित घेऊ की केमिस्ट्री?

मकरपुऱ्याच्या काकू
माझ्या वेळी मी एकटीच होते, आता बऱ्याच मुली दिसतात. राहण्याची सोय कशी आहे ते मात्र प्रत्येक ठिकाणी आधी विचारून घ्यायचं, आईचं बरोबर आहे.

गणित घे. खनिजांपुरती केमिस्ट्री मेजरमध्येच शिकवतील. पण भूकंपलहरींचा डेटा वाचायचा झाला तर गणितावाचून अडतं, आणि ते नंतर एकटीने शिकायला फार जड जातं. फिजिक्सची पुस्तकंही विकू नकोस.

रावपुऱ्याचा दादा
काकू, जिऑलॉजिस्टच्या जागेचं मला माहीत नव्हतं. माझ्या चुलतभावालाही हे दाखवतो, तोही यंदा पहिल्या वर्षाला आहे.